शाळेच्या पडवीतला जपान

मास्तर, तुमचं तेरावं पुतण्यानं सांगलीला केलं. पण त्याच दिवशी आपल्या वाडीनंही शाळेच्या पडवीत पानं मांडली. वाढता वाढता माझ्या बायकोनं, हौसानं, पंगतीकडं बघून तुम्ही विचारायचात तसं विचारलं, "जपानात मेल्यालं मानूस पुरत्यात का जाळत्यात, गं?" आणि पंगतीतल्या चार बायका एकदम बोलल्या.

"जाळत्यात."

"आन मग घरची मानसं काड्यांनी हाडं उचलत्यात."

"दोगं मिळून एकच हाड धरत्यात."

"म्हून तितं जेवताना दोगांनी काड्यांनी एक घास धरायचा न्हाई. वंगाळ मानत्यात."

मेढ्याहून आलेला तलाठी हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिला. ज्यांना स्वतःची सही येत नाही त्या बायकांना हे कुणी शिकवलं, ते त्याला कळेना. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मी तुमच्या नावानं जेवायला बसलो होतो, आणि गेली दोन वर्षं मी तुमच्याशी धड एक शब्द बोललो नव्हतो.

लिहिता येतं ते तुमच्यामुळं, म्हणून लिहून सांगतो. तुमच्याकडं सातवी झालो, पलटणीत गेलो, नाईक झालो. आपल्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं टपाल म्हणजे सगळ्यांच्या जिवाची गोष्ट. मेढ्याच्या बाजाराच्या दिवशी टपाल शाळेत यायचं. मग बायका पडवीत बसायच्या, तुम्ही एकेकीचं पत्र वाचायचात आणि तिथंच उत्तरं लिहून द्यायचात. सिंगापूर पडलं आणि आमच्या सात जणांची पत्रं बंद झाली. सरकारचा कागद आला, त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द. तरी त्या सात जणी बाजाराच्या दिवशी पडवीत येऊन बसायच्या. तुम्ही "काही आलं नाही" म्हणायचात आणि त्या उठायच्याच नाहीत. हे मला पुढं हौसाकडून कळलं. तिसऱ्या की चौथ्या बाजाराला तुम्ही आतून तुमच्या वह्यांतली पहिली वही आणलीत आणि म्हणालात, "पत्र नाही, तर ज्यांच्या हातात तुमची माणसं आहेत ते लोक कोण, हे तरी ऐका."

त्या वह्या आम्हा पोरांना शाळेत असल्यापासून ठाऊक होत्या. 'जपानचा इतिहास : आरंभापासून आजपर्यंत.' तुम्ही पोरवयात सांगलीला असताना जपाननं रशियाचं आरमार बुडवलं आणि तुमच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. गोऱ्यांना हरवणारं आपल्याकडचं कुणीतरी आहे, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच. साताऱ्याच्या वाचनालयातून इंग्रजी पुस्तकं आणून तुम्ही वीस वर्षं लिहीत होतात. तपकीर ओढून वहीवर शिंकायचात आणि मग बोटानं पान पुसायचात. आम्ही मागं बसून तुमची नक्कल करायचो. माझ्या शेजारी बसणारा पांडू तर असा शिंकायचा की तुम्हीसुद्धा हसला होतात.

साडेतीन वर्षं तुम्ही त्या बायकांना जपान वाचून दाखवलात. सूर्यदेवीपासून सुरुवात केलीत. मग चीनकडून कोरियामार्गे लिपी गेली, बुद्ध गेला, नाराला तांब्याची थोरली मूर्ती बसली. बायकांना मूर्तीच्या तळहातावर माणूस उभा राहतो हे आवडलं. राजा क्योतोत आणि कारभार शोगुनाच्या हातात, हे आलं तेव्हा तुम्ही समजावून सांगायच्या आधीच एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी छत्रपती साताऱ्यात आन पेशवं पुन्यात." तुम्ही चष्मा काढून तिच्याकडं बघत राहिलात म्हणे. इंग्रजी पुस्तकवाल्यांना जे चार पानं लिहून समजावता आलं नव्हतं ते तिनं एका दमात सांगितलं. पुढं दोन-अडीचशे वर्षं देशाची दारं बंद, परक्यांत फक्त डच आणि चिनी व्यापाऱ्यांना नागासाकीत मुभा, मग अमेरिकेची काळी जहाजं, मग राजाला पुन्हा पुढं आणलं आणि तलवारवाल्यांच्या कमरेच्या तलवारी काढून घेतल्या. गडकऱ्यांच्या घरातल्या लेकी त्या. तलवारी काढून घेतल्यावर घरात काय होतं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आणि मग रशियाची लढाई. त्या लढाईत पकडलेल्या रशियन कैद्यांना जपाननं कसं वागवलं, हे तुम्ही चवीनं वाचायचात. मात्सुयामा नावाच्या गावात ठेवलं, दवाखाना दिला, फिरायची मोकळीक दिली, गरम पाण्याच्या झऱ्यावर अंघोळीला नेलं. हे खरंच झालं होतं. पांडूची बायको तानू दर बाजाराला शेवटी म्हणायची, "मास्तर, त्ये गरम पान्याचं परत वाचा." आणि तुम्ही परत वाचायचात.

मी परत आलो तेव्हा घरात पाऊल टाकल्यावर हौसा रडली, पाया पडली, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न तिनं विचारला, "तुमास्नी पन झऱ्यावर न्हेलं व्हतं का वो?"

मला कळेचना ती काय बोलतेय. माझं वजन निम्मं झालं होतं, पायाच्या जखमा भरल्या नव्हत्या, आणि ती मला कसल्या झऱ्याचं विचारतेय. मग तिनं सगळं सांगितलं. पेशवं, काळी जहाजं, दवाखाना. ज्यांच्या हाताखाली मी साडेतीन वर्षं काढली त्यांच्याबद्दल मला चार शिव्या आणि दहा हुकूम एवढंच ठाऊक होतं. तिला अख्खा इतिहास पाठ. मी गोठ्यात जाऊन बसलो. तुमचा इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमच्याशी भांडायला शाळेत आलो. तुम्ही मला बघितलंत आणि वर्ग तसाच सोडून अनवाणी धावत आलात. चष्मा पडला, तो उचललासुद्धा नाहीत. मला मिठी मारलीत आणि लहान मुलासारखे रडलात. मग भांडण कसलं करणार? मी चष्मा उचलून दिला आणि घरी गेलो.

सातांतले चार परत आलो. पांडू आला नाही. त्याचा सरकारी कागद आधीच आला होता, 'कैदेत आजाराने मृत्यू.' तानू कुंकू पुसून माझ्यापुढं येऊन बसली. मी सांगितलं, ताप आला, झोपेतच गेला, त्रास झाला नाही. तिनं विचारलं, "अग्नी मिळाला का?" मी म्हणालो, "मिळाला." तिनं मान हलवली आणि उठून गेली. पुढं तिनं कधी काही विचारलं नाही.

मग तुम्ही मागं लागलात. "धोंडी, शेवटचं प्रकरण तू सांग, मी लिहितो." मी टाळत होतो. तुम्ही मला सांगलीला घेऊन गेलात, छापखान्यात वह्या दाखवायला. सोबत हवी म्हणालात. मला ठाऊक होतं, मोटारीत एकट्यात बोलायचं होतं. छापखान्याचे मालक भला माणूस. त्यांनी वह्या चाळल्या आणि म्हणाले, "मास्तर, नाव 'आजपर्यंत' आणि इतिहास थांबतो चीनमधल्या लढाईच्या आदल्या वर्षी. एक तर पुढचं लिहा, नाहीतर नाव बदला." तुम्ही नाव बदलायला तयार नव्हतात. वीस वर्षं तुमचा 'आज' पुढं सरकत होता आणि तुम्ही त्याच्या मागून चालत होतात.

तिथून आपण कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. फडक्यातली भाकरी सोडली. तुम्ही पुन्हा म्हणालात, "सांग." आणि मी सांगितलं. पण सांगितलं ते तुम्हाला माहिती द्यायला नाही, तुम्हाला लागावं म्हणून सांगितलं. सिंगापुरात फौज बदलायची का, इंग्रजांची सोडून जपान्यांच्या बाजूनं लढणाऱ्या हिंदी फौजेत जायचं का, यावरून आमच्यात जे व्हायचं ते झालं. पांडूनं आणि मी बदलली नाही. मग जहाजात कोंबून दक्षिणेकडच्या एका बेटावर नेलं, विमानांची धावपट्टी करायला. मला हगवण लागली आणि हिवतापानं उठता येईना. उठता येत नाही त्याला जेवण नाही, असा तिथला कायदा. पांडूनं माझ्यासाठी कोठारातून मूठभर तांदूळ उचलला. सापडला. सगळ्यांना रांगेत उभं करून त्याला मारलं, आणि चौथ्या दिवशी तो गेला. तुमच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

मी विचारलं, "चीनमदी ह्या लोकांनी काय केलं त्ये तुमाला ठावं व्हतं का, मास्तर?"

"होतं. वर्तमानपत्रातली कात्रणं आहेत माझ्याकडं."

"मग बायकास्नी का न्हाई वाचून दावलं?"

तुम्ही हातातली भाकरी फडक्यात ठेवलीत. "समोर तानू बसलेली असायची, रे," एवढंच म्हणालात.

मी तेव्हा जे बोललो ते आजही मला जसंच्या तसं आठवतं. "तुमचा इतिहास म्हंजी बायकास्नी दिल्याली अफू हाय. साडेतीन वरसं तुमी त्यास्नी फसिवलं." आणि वर बजावलं की यातला एक शब्द तानूला कळता कामा नये. मीही तिच्याशी तेच करत होतो जे तुम्ही केलंत, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. परतीच्या मोटारीत आपण दोघं एका बाकावर बसलो होतो, आणि मध्ये वह्यांचं गाठोडं होतं.

त्यानंतर मी तुमच्याशी बोलणं टाकलं. वाटेत दिसलात की मी बांधावरनं जायचो. स्वातंत्र्याच्या दिवशी तुम्ही झेंड्याला बोलावलंत तर मी मागच्या रांगेत उभा राहिलो आणि साखर घ्यायला न थांबता निघालो. तुम्ही हाक मारलीत. मी ऐकली होती.

या दोन वर्षांत तुम्हाला सांगायच्या किती गोष्टी राहिल्या. हौसाचा भाऊ ती साडेतीन वर्षं तिला माहेरी न्यायला येत होता. नवरा मेला असं समज, म्हणायचा. तिनं त्याला दारात उभं करून मात्सुयामाचा दवाखाना ऐकवला आणि वाटेला लावला. एकदा माझ्याशी बोलताना ती म्हणाली, "त्यो इतिहास नसता तर मी हिरीत उडी घेतली असती." हे ऐकल्यावर मी तुमच्याकडं यायला हवं होतं. शाळा घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी गेलो नाही, कारण मीच खरा, असं मला वाटायचं आणि आपणच खरे असं वाटण्यात फार सुख असतं.

तुम्ही गेल्यावर पुतण्या वह्या माझ्याकडं देऊन गेला. काकांनी तसं सांगून ठेवलं होतं म्हणाला. मी पाचवी वही उघडली. रशियाच्या लढाईनंतर तुमच्या अक्षरात एक नवं प्रकरण होतं, चीनमधल्या लढाईचं. काहीही न गाळता लिहिलेलं. शेवटी महिना घातला होता, आपण सांगलीहून आलो त्याच्या पुढचा. मी हौसाला म्हणालो, मास्तरांनी हे नंतर लिहिलेलं दिसतंय. ती चुलीपुढनं म्हणाली, "व्हय. आमाला वाचून दाविलं की त्येंनी."

मला खरं वाटेना. मग तिनं सांगितलं. एका बाजाराच्या दिवशी तुम्ही सातही जणींना पुन्हा पडवीत बोलावलंत. ते प्रकरण वाचलंत. मध्ये दोनदा पाणी प्यालात. वाचून झाल्यावर उभे राहिलात आणि म्हणालात, "बायांनो, तेव्हा मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. हे ठाऊक असून सांगितलं नाही. माफ करा." गावातला मास्तर बायकांपुढं हात जोडून उभा राहिला, असं आपल्याकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तानूनं विचारलं, "मग आमच्या मालकांचं काय झालं, मास्तर?" तुम्ही म्हणालात, "ते धोंडीला ठाऊक आहे. त्याच्या तोंडून निघेल तेव्हा ऐक. त्याला घाई करू नकोस."

"आन मला कुनीच का न्हाई सांगितलं?" मी हौसावर ओरडलो.

"तुमी मास्तरांचं नाव काडलं की ताटावरनं उटायचा," ती म्हणाली. "कवा सांगायचं?"

म्हणजे तुम्ही तुमची चूक पडवीत उभं राहून सगळ्यांपुढं दुरुस्त केलीत, आणि तानू दोन वर्षं माझी वाट बघत होती. रोज विहिरीवर दिसायची. "बरं हाय न्हवं, भावजी?" म्हणायची आणि पुढं जायची. मला ती साधी विचारपूस वाटायची.

आणि मास्तर, मीही तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. घाटावर सांगितलं नाही ते आता सांगतो. पांडू गेला त्या दिवशी पाऊस होता. त्या बेटावर पाऊस थांबायचाच नाही. आम्ही चार जणांनी लाकडं गोळा केली, ती ओली. जळेनात. पहाऱ्यावर एक पोक्त जपानी होता, आमच्याशी कधी बोलला नव्हता. तो जाऊन रॉकेलचा डबा घेऊन आला. आमच्यापुढं ठेवला. मग टोपी काढून हात जोडले, जसे आपण जोडतो तसेच, आणि पाठ करून उभा राहिला, म्हणजे कुणी अधिकारी आला तर त्याला आधी तोच दिसावा. चिता पेटेपर्यंत तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड सुजलेलं होतं. पांडूला अग्नी मिळाला तो त्याच्यामुळं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटलेलं दिसलं असतं, आणि तेवढंही मला तुम्हाला द्यायचं नव्हतं. मला याची लाज वाटते, मास्तर. तुम्ही चीनचं लपवलंत ते तानूच्या मायेपोटी. मी डब्याचं लपवलं ते निव्वळ रागापोटी.

काल दुपारी तानूकडं गेलो. ती उन्हात शेंगा निवडत बसली होती. मी पुढ्यात बसलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा जुळवलं होतं, तोंडातून भलतंच आलं. "वहिनी, पांडू झोपेत न्हाई गेला."

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्होरं बोला."

मी सगळं सांगितलं. माझं दुखणं, मूठभर तांदूळ, रांग, मार, चार दिवस. ओली लाकडं, रॉकेलचा डबा, त्या माणसाचं सुजलेलं तोंड. ती शेंगा निवडत राहिली. एकदाही मान वर केली नाही. माझ्यासाठी चोरला, हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ऐकू गेलं का नाही कळेना. ती उठेल, मला घराबाहेर काढेल, असं वाटत होतं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "त्यो तांदूळ तुमच्या पोटात गेला का?"

"व्हय," मी म्हणालो. "सापडायच्या आदीच त्यानं मला भरिवला व्हता. कच्चाच."

"मग ब्येस झालं," तानू म्हणाली. "मला वाटलं व्हतं, मार फुकट खाल्ला त्यांनी."

मग ती रडली. मीही रडलो. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली की हे मास्तरांच्या वहीत लिहा, मारल्यालं बी लिवा आन डबा दिल्यालं बी लिवा, आणि येत्या बाजाराला पडवीत वाचून दाखवा. मी म्हणालो, मला मास्तरांसारखं वाचता येत नाही. ती म्हणाली, "वाचा तुमाला येतंय तसं."

आज सकाळपासून पाचव्या वहीत लिहायला बसलोय. आठ पानं झाली. पांडूचं नाव त्यात आहे, त्या पहारेकऱ्याचं नाही, कारण ते मला कधी कळलं नाही. तुम्ही असतात तर माझं एकही वाक्य तसंच ठेवलं नसतंत. मी तुम्हाला एकाही वाक्याला हात लावू दिला नसता. आपण कडाकडा भांडलो असतो, मास्तर, आणि या वेळी मी उठून गेलो नसतो.